फूटपाथवरील सायकल : कायदा आणि रीत



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर राष्ट्राचे आणि धर्माचे मोठमोठे प्रश्न मांडले गेले. त्या मानाने माझा आजचा विषय फार खालच्या पातळीवरचा आहे. जमिनीपासून अवघा अर्धा फूट उंच. फूटपाथची उंची साधारणपणे तेवढीच असते. त्या अर्ध्या फुटावर सायकल चढवावी की नाही, एवढेच मला पाहायचे आहे.

विषय लहान आहे म्हणून तो हसण्यावारी नेऊ नका. एखाद्या घरातील वडीलधारे माणूस संध्याकाळी देवदर्शनास जायचे हळूहळू बंद होते. कारण विचारावे तर 'गुडघे' म्हणून सांगते. पुष्कळदा खरे कारण गुडघे नसते. पाठीमागून आवाज न करता येणारे आणि कोपराला घासून जाणारे चाक, हे ते कारण असते. पण घरात असे सांगितले तर घाबरट म्हणतील, म्हणून बिचारे गुडघ्यांवर ढकलते.

प्रथम कायदा पाहू. सायकलीला परवाना लागत नाही, नंबर लागत नाही, विमा लागत नाही. तेव्हा ती वाहनच नव्हे, असा एक समज आपल्याकडे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यापुरता तो खरा आहे, कारण तो कायदा यंत्राने चालणाऱ्या वाहनांचा. पण आपल्या राज्यात १९५१ चा पोलीस कायदा आहे. जन्मनाव मुंबई पोलीस कायदा. पुढे तो महाराष्ट्र पोलीस कायदा झाला. त्याच्या व्याख्येत 'वाहन' या शब्दाखाली गाडी, हातगाडी वगैरेंबरोबर सायकल, तीनचाकी सायकल, रिक्षा, इतकेच नव्हे तर जहाज आणि विमानसुद्धा घातले आहे. शिरूरच्या फूटपाथवर विमान उतरवणारा कोणी निघेल असे मला वाटत नाही. परंतु 'मी वाहन नव्हे' असे म्हणण्याची सायकलस्वाराची वाट मात्र त्या व्याख्येने बंद केली.

ह्याच कायद्याचे ९९ वे कलम वाहनाने रस्त्याच्या डाव्या अंगाने जावे असे सांगते आणि १०३ वे कलम फूटपाथकडे वळते. फूटपाथवर कोणतेही जनावर वा वाहन हाकू नये, त्यावर बसून जाऊ नये, ते ओढीत वा ढकलीत नेऊ नये, तेथे सोडूनही ठेवू नये. अपवाद एकच, लहान मुलांची बाबागाडी. म्हणजे अक्षरशः वाचले तर सायकलवरून उतरून ती हातात धरून फूटपाथवरून चालणारा सज्जनही दोषी ठरतो, आणि दुकानाबाहेर स्टँडवर सायकल लावून चहाला गेलेलाही. एवढे कडक अक्षर कोणी रोज चालवीत नाही हे आपण जाणतोच. तरी कायद्याचा रोख कोणीकडे आहे ते समजले म्हणजे पुरे.

ही कल्पना मूळची विलायतेतील. तिकडे १८३५ च्या रस्ते कायद्याने फूटपाथवर घोडा आणि गाडी नेण्यास बंदी केली, तेव्हा आजच्यासारखी सायकल जन्मासही आली नव्हती. ती आल्यावर वाद निघाला आणि १८८८ साली पार्लमेंटने सायकल ही गाडीच होय असे ठरवून टाकले. आपल्याकडे पोलीस कायदा झाला त्या काळात पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. रात्री दिव्याशिवाय गेलात किंवा डबलसीट बसवलीत तर शिपाई धरी. चाकी वाहनास शिस्त असावी ही गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडलेली होती.

यावर तुम्ही विचाराल की, अहो, पण आमच्याकडे फूटपाथ आहे कोठे? प्रश्न रास्त आहे. आपल्या गावांत फूटपाथ हा सलग पदार्थ नव्हे. चार पावले फरशी, मग दुकानाची पायरी, मग उभी केलेली मोटारसायकल, मग जाहिरातीचा फलक, मग पुन्हा चार पावले फरशी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमांत चालण्यास कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी असावी असे आहे. गावात फेरफटका मारून ती कोठे भरते ते टेप घेऊन मोजून पाहा. जेथे फरशीच नाही तेथे रस्त्याच्या कडेची धुळीची पट्टी हाच लोकांचा फूटपाथ, आणि ती पट्टी सायकलवाल्यालाही हवी असते.

कारण तोही भ्यालेला असतो. त्याची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे जुन्या तोंडी अजूनही नगरकडे, जाणारा रस्ता आठवा. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीचे कंटेनर त्यावरून जातात. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर बाजूने डुलत निघतात. मागची ट्रॉली कोणीकडे झोके घेईल याचा भरवसा खुद्द ड्रायव्हरला नसतो. दौंडकरांना तर हे सांगावयास नको. रेल्वेने गाव दुभागलेले, आणि रुळांखालून जाणाऱ्या कुरकुंभ मोरीत माणूस, सायकल, रिक्षा, मोटार सगळ्यांना एकाच घशातून जावे लागत आलेले. अशा ठिकाणी शाळेला निघालेली मुलगी सायकल कडेच्या फरशीवर चढवते, तेव्हा ती कायदा मोडायला निघालेली नसते. जीव वाचवत असते.

येथे खरी मेख आहे. ट्रकने सायकलवाल्यास भिववायचे, आणि सायकलवाल्याने ती भीती उचलून फूटपाथवरच्या आजींच्या पदरात टाकायची. त्या आजींना पुढे ढकलायला कोणी उरलेले नसते, भिंतच असते. पायी माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो, सावकाश चाललेली सायकल पंधरा. पंधराच्या वेगाने एका सेकंदात चार मीटर अंतर कापले जाते. ज्याला ऐकू कमी येते त्याला घंटी ऐकून, मान वळवून, पाय हलवायला एक सेकंद पुरत नाही.

म्हणून माझे मत मी स्पष्टच सांगतो. धडधाकट मोठ्या माणसाने फूटपाथवर सायकल चालवू नये. रस्ता अगदीच अंगावर आला तर उतरावे, सायकल हातात धरून ती गल्ली, तो पूल, ती मोरी पायी ओलांडावी आणि पुढे पुन्हा बसावे. यात कलमाचे अक्षर थोडे वाकते, पण चाकावरचा माणूस उतरताक्षणी पायी माणसाच्या वेगाला येतो, आणि भीती वेगाची असते, लोखंडाची नसते. घंटीविषयीही असेच. रस्त्यावर घंटी ही सूचना असते. फूटपाथवर तीच घंटी म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर चढून घरधन्याला 'बाजूला सरका' म्हणणे. तेथे 'आजोबा, जरा जाऊ का?' एवढे तोंडाने विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

लहान मुलांचा न्याय निराळा. जर्मनीत आठ वर्षांपर्यंतच्या मुलाने सायकल फूटपाथवरूनच चालवावी असा नियम आहे आणि दहापर्यंत मुभा आहे. बरोबरच्या मोठ्या माणसालाही मुलासोबत तेथून जाता येते. जपानात तेराच्या आतील मुलांना आणि सत्तरी ओलांडलेल्यांना सवलत आहे. पण सावकाश, रस्त्याकडच्या अंगाने, आणि पायी माणसाला अडथळा होत असेल तर थांबून. आमच्या पोलीस कायद्यात वयाची अशी सवलत नाही. मात्र सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, हे जुन्या दंडसंहितेतील तत्त्व २०२३ च्या न्यायसंहितेतही कायम आहे. तेव्हा पहिलीतला चिरंजीव आपली छोटी सायकल घेऊन फरशीवर चढला तर पोलिसाला भिण्याचे कारण नाही. मागून आई किंवा बाबा चालत असले म्हणजे झाले. दहा वर्षांपर्यंत आपणही हेच मानावे असे मला वाटते.

आणि सायकलवाल्यालाच हे सारे ऐकवताना एक गोष्ट मनाला टोचते. फूटपाथवरचा मोठा घुसखोर तो नव्हे, मोटारसायकलवाला होय. त्याला तर मोटार वाहन कायद्याखालील नियमांनीच तेथे मज्जाव आहे. पण व्याख्यानाला तो येत नाही. सायकलवाले येतात, म्हणून बोल त्यांना. असो.

फूटपाथ मोकळा असणे ही मेहेरबानी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्यात, पदपथ लोकांना चालण्यासाठी आहेत, असे म्हटले होते. आणि १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने अडथळ्याविना फूटपाथ मिळणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अपंग व्यक्तींना ते वापरता आले पाहिजेत, हेही त्यात आले. नगरपालिकेकडे अर्ज करताना हे दोन निकाल हाताशी ठेवा.

शेवटचा मुद्दा या अपंग बंधुभगिनींचाच. हाताने चाक फिरवीत तीनचाकीवरून जाणारी माणसे आपल्या गावांत आहेत. व्याख्येप्रमाणे तीनचाकी हे वाहन, आणि सूट फक्त बाबागाडीला. अक्षर धरून बसले तर ज्याला फूटपाथची गरज सर्वांत जास्त, त्यालाच तो बंद. येथे अक्षराने मान तुकवलीच पाहिजे, आणि कोणी शहाणा शिपाई त्याला अडवणार नाही. पण अडचण वेगळीच आहे. त्याला वर चढायला उतार हवा, आणि उतार केला की त्यावरून मोटारसायकल चढते. मग नगरपालिका तोंडाशी लोखंडी खुंट रोवते. तीनचाकी जाईल एवढी फट ठेवली तर तीतून मोटारसायकलचे हँडल आरामात जाते. फट आवळली तर मोटारसायकल अडते आणि तीनचाकीही खाली रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीशेजारी राहते. मोटारसायकलीला अडवील आणि तीनचाकीला सोडील असा खुंट कोणत्याही लोहाराला घडवता यायचा नाही. फट रुंदच ठेवावी लागेल, आणि तिच्यातून कोणी जावे हे त्या उताराशेजारच्या दुकानदारांनी आणि रोज तेथून जाणाऱ्या आपण मंडळींनी पाहावे लागेल.