मुले वाटू नयेत, खर्च वाटावा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)

'अनाथ बालके आणि समाज' हा मला दिलेला विषय मोठा आहे. मी त्यातील एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे. आई-वडील गेल्यावर मागे राहिलेल्या भावंडांची आपण ताटातूट का करतो?

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात धरणी हादरली. त्यानंतर श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले, हे आपण अभिमानाने सांगतो. लातूर येथे एस.ओ.एस. बालग्रामही उभे राहिले. या बालग्रामांची कल्पना हर्मन ग्माइनर यांनी १९४९ साली ऑस्ट्रियात मांडली. आई, भावंडे, घर आणि गाव हे तिचे चार आधार. महायुद्धाने पोरक्या केलेल्या मुलांचा विचार करताना त्यांनी भावंडांना आईच्या शेजारी स्थान दिले.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी परिचयातील एक दांपत्य अपघातात गेले. मागे अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची धाकटी. उठावण्यानंतर नातलगांची बैठक बसली, तीत मीही होतो. मुलगा काकांकडे, धाकटी मावशीकडे, मोठी वसतिगृहात असे ठरले. कोणाच्याही मनात पाप नव्हते. पण मुलांना कोणी विचारले नाही. ती यादी माझ्या हस्ताक्षरातील होती.

धाकटी मावशीकडे नीट जेवेना, रात्री उठून दारापाशी बसे. सर्वांना वाटले, आईची आठवण येते. ती वाट पाहत होती ताईची, कारण आई गेल्यापासून तिला ताईच झोपवीत असे. ताईचे वसतिगृहातून पत्र आले, त्यात आपल्याविषयी एक अक्षर नव्हते. 'तिला रात्री दिवा लागतो, हे मावशीला सांगितले का?' एवढेच विचारले होते.

आठ महिन्यांनी मावशीने तिघांनाही आपल्या दोन खोल्यांत घेतले आणि काका दरमहा खर्च देऊ लागले. मुलांऐवजी खर्च वाटून घेता येतो, ही साधी गोष्ट बैठकीतील आम्हा एवढ्या व्यवहारी मंडळींना सुचली नव्हती! आणखी एक काळजी मावशीने घेतली. धाकटीची वेणी ती स्वतः घालू लागली, म्हणजे मोठीला पुन्हा खेळायला वेळ मिळावा.

बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्येही प्रतिपालक कुटुंबात भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. वेगळे राहणेच त्यांच्या हिताचे असेल, तेवढाच अपवाद. एका भावंडाकडून दुसऱ्यास इजा होत असेल, तर तो अपवाद मानावाच लागतो. मात्र वसतिगृहे वेगळी आहेत किंवा वयाची अट आड येते, ही कारणे मुलांच्या हिताची नव्हेत, आपल्या सोयीची आहेत. परक्या कुटुंबाने मूल सांभाळण्यासाठी बालकल्याण समितीचा आदेश लागतो. सद्भावनेनेही परस्पर मूल घरी आणू नये. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा अनुदान मिळते, त्याचीही चौकशी करावी.

आपल्याकडे आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पहिल्या तिन्हींचे फलक या वास्तूत ठिकठिकाणी दिसतात. अभयदानाचा फलक लावता येत नाही, म्हणून की काय, ते मागे राहिले.

विश्वस्तांना विनंती आहे की, सुवर्णमहोत्सवी निधीचा काही भाग भावंडांना एकत्र सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी राखून ठेवावा आणि कार्यालयात एक वही ठेवावी. तिच्या एका पानावर घर देऊ इच्छिणाऱ्यांची नावे असावीत, दुसऱ्यावर खर्च उचलणाऱ्यांची. या वयात मुले सांभाळणे आम्हा उभयतांच्या हातून होणार नाही. दुसऱ्या पानावर पहिले नाव माझे लिहून घ्यावे.