पुरळ नाही, तरी खाज का?

अंगावर पुरळ नाही, तरी रात्री तळहात-तळपायांची खाज झोपू देत नाही. अशी खाज आठवडेच्या आठवडे टिकली, तर यकृताची तपासणी करून घ्या.

अशा खाजेमागचं एक कारण म्हणजे ‘प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिस’, अर्थात पीएससी. या आजारात यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नलिकांना सूज येते, त्या आतून निबर होतात, आकसतात. पित्त तुंबतं, यकृत खराब होत जातं. हा दारूमुळे होणारा आजार नाही, हे मुद्दाम सांगते. काविळीच्या रुग्णाकडे उगाच संशयाने पाहिलं जातं.

सुरुवातीला अनेकांना काहीच त्रास नसतो. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढलेलं दिसतं, इतकंच. पुढे थकवा, उजव्या बरगडीखाली दुखणं, गडद लघवी, पिवळे डोळे. पुरुषांत प्रमाण जास्त, बहुधा तिशी-चाळिशीत. पीएससीच्या बहुतेक रुग्णांना मोठ्या आतड्याचाही दाह असतो, विशेषतः अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणून शौचातून रक्त पडत असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा.

सोनोग्राफी नॉर्मल आली तरी शंका मिटत नाही. एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआय तपासणीत, नलिका मण्यांच्या माळेसारख्या दिसतात, कुठे अरुंद, कुठे फुगलेल्या.

आजार थांबवणारं सिद्ध औषध अजून नाही. यकृत निकामी झाल्यास प्रत्यारोपण करावं लागतं. शिवाय पित्तनलिकेच्या कर्करोगाचा धोका असतो. अमेरिकी फुटबॉलपटू वॉल्टर पेटन यांनी १९९९च्या फेब्रुवारीत आपल्याला पीएससी असल्याचं जाहीर केलं. त्याच नोव्हेंबरात, ४५व्या वर्षी, ते पित्तनलिकेच्या कर्करोगाने गेले.

निदान झालेल्यांनी नियमित स्कॅन आणि कोलोनोस्कोपी चुकवू नये. आणि काविळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.