हिशेबाचा तक्ता आणि कामाचा क्रम
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या मुलामुलींनी बक्षिसे मिळवली त्यांचे मी प्रथम मनापासून अभिनंदन करतो. संस्थेच्या चालकांनी मला संगणकावरील हिशेबाचा तक्ता आणि कामाची आखणी या विषयावर बोलावयास सांगितले आहे. हा तर कचेरीतल्या कारकुनाचा विषय, आमच्या घरादाराशी त्याचा काय संबंध, असे काही पालकांच्या मनात येईल. म्हणून संबंध काय तो आधी सांगतो.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील काही घरांत आनंदापाठोपाठ धावपळ सुरू होते. मुलीला गुण चांगले असतात. पण उत्पन्नाचा दाखला काढलेला नसतो. जात इतर मागासवर्गात मोडते. पण नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्र नसते, आणि त्यासाठी मागील तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा जमवावा लागतो. शाळेच्या दाखल्यावर नाव एका तऱ्हेने, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. कुठे शेख, कुठे शैख; कुठे आडनाव आहे, कुठे नाहीच. ही दुरुस्ती एका दिवसात होत नाही. तोपर्यंत प्रवेशाची फेरी निघून जाते. अशा वेळी जागा जाते ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर कामे योग्य क्रमाने झाली नाहीत म्हणून. माझ्या आजच्या बोलण्याचे कारण हेच आहे.

आता तक्त्याकडे वळू. संगणकावर ज्याला स्प्रेडशीट म्हणतात, तो म्हणजे आपल्या दुकानातल्या खातेवहीचाच भाऊ होय. आडव्या ओळी, उभे रकाने आणि त्यांच्या छेदाने झालेली घरे. फरक इतकाच की या वहीतील आकडे एकमेकांना ओळखतात. १९७८ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी हार्वर्डच्या व्यवसाय शिक्षणाच्या वर्गात बसला होता. फळ्यावरील तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे त्याच्या मनाला लागले. हे काम यंत्राने का करू नये, या विचारातून त्याने बॉब फ्रँक्स्टन या मित्राच्या साहाय्याने व्हिजिकॅल्क हा कार्यक्रम तयार केला. तो १९७९ मध्ये बाजारात आला. पुढे १९८३ मध्ये लोटस आणि १९८५ मध्ये एक्सेल आले. आज लिब्रे ऑफिससारखे कार्यक्रम फुकट मिळतात आणि हाच तक्ता मोबाइलवरही उघडतो. तेव्हा साधन नाही ही सबब आता फारशी उरलेली नाही.

हिशेब लिहून ठेवणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. कुरआन शरीफमधील सर्वांत दीर्घ आयत सूरह बकरातील असून ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. नवव्या शतकात बगदादला मुहंमद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसांमध्ये मालमत्तेची वाटणी कशी करावी याच्या उदाहरणांनी भरलेला आहे. संगणकाच्या जगात ज्याला अल्गोरिदम म्हणतात, तो शब्द त्यांच्याच नावावरून पडला. ज्यांच्या पूर्वजांनी जगाला रीतसर गणना शिकवली, त्यांच्या घरचा हिशेब मात्र चिठ्ठ्याचपाट्यांवर असावा, हे बरे नव्हे.

विद्यार्थ्यांनी सुरुवातीला चार गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, एका ओळीत एकच नोंद आणि एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती. रकमेच्या घरात 'पाचशे रु. बाकी' असे लिहिले की यंत्र त्याला आकडा मानत नाही आणि बेरीज चुकते. दुसरी, आकडा दोनदा लिहू नये. एकदा लिहावा आणि बाकी ठिकाणी सूत्राने आणावा. तिसरी, क्रम लावणे आणि गाळणी लावणे, म्हणजे हजार नावांतून फी बाकी असलेली वीस नावे क्षणात वेगळी काढणे. चौथी, प्रत्येक बेरीज दुसऱ्या मार्गाने ताडून पाहणे. एवढे आले की घरखर्च, दुकानाची उधारी, मदरशाची वर्गणी, सारे मांडता येते. जकातीचेच पाहा. एक लाख वीस हजार रुपयांवर चाळिसावा हिस्सा म्हणजे तीन हजार रुपये. वर्षभर नोंदी ठेवल्या असतील तर हे एका सूत्राचे काम आहे. कशावर जकात लागू होते हे आलिमांना विचारावे. गणित यंत्रावर सोपवावे.

मात्र यंत्रावर आंधळा विश्वास ठेवू नका. २०१० साली दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी देशांच्या कर्जाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. मोठमोठ्या राजकारण्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचा मूळ तक्ता मागवून तपासला. त्याला इतर दोषांबरोबर असेही आढळले की सरासरीचे सूत्र पाच देश सोडून लावले गेले होते. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये जुन्या पद्धतीच्या तक्त्यात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत हे ध्यानात न आल्याने कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर झाली नाही आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना सावध करण्यास उशीर झाला. यातून एकच धडा घ्यावयाचा: तपासणारा डोळा माणसाचाच असला पाहिजे. आणि मुलांनो, पहिल्या चुकीचा शोध एका विद्यार्थ्याने लावला हेही विसरू नका.

आता कामाच्या क्रमाविषयी. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ साली एका भाषणात, एका माजी महाविद्यालय प्रमुखांचा दाखला देऊन, तातडीची कामे आणि महत्त्वाची कामे यांतील भेद सांगितला होता. पुढे स्टीफन कव्ही यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकातून त्याचे चार कप्पे लोकप्रिय केले. महत्त्वाचे आणि तातडीचे. महत्त्वाचे पण तातडीचे नसलेले. तातडीचे पण महत्त्वाचे नसलेले. आणि दोन्ही नसलेले. आपली फसगत दुसऱ्या कप्प्यात होते. नावाची दुरुस्ती, उत्पन्नाचा दाखला, रोजचा अभ्यास, डोळ्यांची तपासणी ही कामे ओरडत नाहीत. मोबाइल ओरडतो, दारावरचा पाहुणा ओरडतो, म्हणून आपण तिकडे धावतो. न ओरडणारे काम पडून राहते आणि एके दिवशी संकट होऊन समोर उभे राहते.

यावर उपाय म्हणून तक्ता आणि क्रम यांची सांगड घाला. एका पानावर पाच रकाने करा: काम, महत्त्व, शेवटची तारीख, लागणारे दिवस आणि सुरुवातीची तारीख. शेवटचा रकाना यंत्र भरील. कारण संगणक तारखेलाही आकडाच समजतो आणि तारखेतून दिवस वजा करता येतात. समजा, परीक्षेचा अर्ज ५ जूनपर्यंत भरायचा आहे आणि त्याला एक दिवस लागतो. दाखला १५ जूनपर्यंत हवा आहे आणि त्याला २१ दिवस लागतात. शेवटच्या तारखेने पाहिले तर अर्ज आधी येतो. सुरुवातीच्या तारखेने पाहिले तर अर्जाला ४ जून, पण दाखल्याला २५ मे. म्हणजे दाखलाच आधी! साधी वजाबाकी आहे. पण ती कागदावर न मांडल्यामुळे घरोघर नुकसान होते. तक्ता नेहमी सुरुवातीच्या तारखेने लावा, आणि दोन कामांची तारीख एक आली तर महत्त्व पाहून निवडा.

पालकांना माझी विनंती आहे. दहावीत गेलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती घरच्या कागदपत्रांचा असा तक्ता सोपवा आणि दर जुम्याला दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसून तो पाहा. अम्मींनी संगणक शिकलेला नसला तरी घरात काय कधी लागते हे त्यांना सर्वांत जास्त माहीत असते. मुलीने लिहावे, अम्मींनी सांगावे. मुलगी हिशेब ठेवू लागली की तिचे शिक्षण घराला उपयोगी पडते हे कोणाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. संस्थेच्या चालकांनीही उन्हाळ्याच्या सुटीत पंधरा दिवसांचा वर्ग घ्यावा आणि त्यात सरावासाठी बनावट आकडे न देता मुलांना स्वतःच्या घरचे काम आणावयास सांगावे.

सूरह अल्-अस्रमध्ये अल्लाहने काळाची शपथ घेतली आहे. गेलेला पैसा पुन्हा मिळवता येतो, गेलेली जूनची फेरी वर्षभर परत येत नाही. पुढच्या वर्षी या संस्थेतील एकही मूल केवळ कागदासाठी मागे राहू नये, अशी दुआ करतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.