सरपणाचा हिशेब



लाकूड हे अक्षय इंधन होय, असे आपण वर्गात सांगतो. परंतु तोड वाढीहून अधिक झाली नाही, तरच ते अक्षय. सुबाभळीचा बुंधा राखला, तर ती पुन्हा फुटते. मुळासकट खणली, तर संपली. विदर्भात वेचणीनंतर पऱ्हाट्या कित्येकदा शेतातच पेटवितात आणि सरपणासाठी उभ्या झाडावर कुऱ्हाड चालते, हे मला तरी पटत नाही.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. त्याची वाफ करण्यात उष्णता खर्ची पडते आणि चुलीपाशी बसलेल्या माउलीच्या वाट्याला धूर येतो. उन्हात नीट वाळविल्यास हे पाणी सुमारे २० टक्क्यांवर येते. ओली ढलपी आज मुलांकडून तोलवून घ्यावी, महिनाभर उन्हात ठेवून पुन्हा तोलवावी. तूट किती, हे चौथीची मुलेही काढतील. उत्तर त्यांनी घरी आईला सांगावे.