गुलमर्गला जेवायचं कुठे?

डिसेंबर जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो. ‘गुलमर्गला जातोय, जेवायचं कुठे?’ सांगतो. पण आधी जेवायचं कधी, ते ठरवा. कारण तिथे जेवणाचे हाल होतात ते बहुतेक गोंडोलाच्या रांगेत.

माझ्या आईचं असंच झालं. तिला मधुमेह आहे. सकाळी आठला गोळी घेतली, दोन टोस्ट खाल्ले, म्हणाली, बाकीचं वर जाऊन खाऊ. रांगेतच साडेबारा वाजले. आजूबाजूला बर्फ आणि ही घामाघूम, हात थरथरतायत. मागच्या एका कुटुंबाने राजगिऱ्याचा लाडू दिला म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात लाडू असतोच. आतल्याच खिशात हं. बाहेरच्या खिशातली चिक्की थंडीने अशी कडक होते की दात सांभाळावे लागतात.

तर, श्रीनगरहून निघत असाल तर पोट भरून निघा. हिवाळ्यात तिथे सकाळी हरिसा मिळतो. मटण आणि तांदूळ रात्रभर शिजवून, घोटून केलेला, वर कडकडीत तेल. आली कदल भागातली दुकानं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. उशिरा गेलात तर भांडं रिकामं. सोबत गिरदा, म्हणजे तंदूरची रोटी. शाकाहारी मंडळींनी हाच गिरदा लोणी लावून नून चहाबरोबर घ्यावा. हा चहा गुलाबी आणि खारट असतो. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्याला बरा लागतो.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ-राजमा कुकरशिवाय लवकर शिजत नाही. ‘भैया, जल्दी’ म्हणून उपयोग नसतो. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला उतरवतो, तिथे मॅगी, चहा, कहवा, थोडंफार गरम खाणं मिळतं. दर आधी विचारा, सगळं खालून वर चढवलेलं असतं. दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर जातो. तिथे जेवणाचा विचारच करू नका. दम लागतो, वारा सुटला की हा टप्पा बंदही करतात. पोटात काहीतरी घालूनच वर जा, पण तुडुंब नको.

आता खाली गावात. बाजाराच्या बाजूला साधे धाबे आहेत, बक्षीचा धाबा त्यातला जुन्या प्रवाशांच्या ओळखीचा. राजमा-चावल, पराठे, पंजाबी भाज्या. लहान मुलं बरोबर असतील तर हाच सोपा मार्ग. पैसे खर्चायची तयारी असेल तर खैबर आहे, गोंडोलाजवळच. आणि हायलँड्स पार्कमध्ये लाकडाच्या बुखारीजवळ बसून संध्याकाळ काढता येते. तिथलं जेवण मला ठीक वाटलं, खोली मात्र फार आवडली.

आपल्या सहलींत बऱ्याचदा जेवण पॅकेजमध्येच असतं. वरण-भात, पुरी-भाजी, श्रीखंडसुद्धा! आईला त्याचा आधार वाटतो, मी हसणार नाही. पण निदान एक जेवण काश्मिरी घ्या. रिस्ता म्हणजे कुटलेल्या मटणाचे गोळे, लाल रश्श्यात. गुश्ताबाही तसाच, पण दह्याच्या पांढऱ्या रश्श्यातला, आणि वाझवानात तो शेवटी येतो. शाकाहारी असाल तर हाक, म्हणजे हिरवी पालेभाजी, आणि नद्रू यखनी, दह्यातली कमळकाकडी. भाताबरोबर दोन्ही छान. कांदा-लसूण चालत नसेल तर विचारून घ्या, आणि यखनी मटणाचीही असते, म्हणून ‘नद्रू’ हा शब्द नीट उच्चारा.

एक शेवटचं. खाली १३ किलोमीटरवर तंगमर्ग आहे. बर्फात तिथे गाडी बदलावी लागते किंवा चाकांना साखळ्या लावतात, तेवढा वेळ हाताशी असतोच. परतताना मी तिथेच जेवतो. गर्दी कमी, स्थानिक ड्रायव्हरही तिथेच बसलेले असतात. आमच्या ड्रायव्हरने आईसाठी भात थोडा मऊ करायला सांगितला होता, आणि तिने पूर्ण सहलीत पहिल्यांदा दुसऱ्यांदा वाढून घेतलं.