ओटी भरून झाल्यावर
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेलं भाषण)



बदामीला गेलं नाही असं घर या सभागृहात क्वचितच सापडेल. बनशंकरी ज्यांची कुलदेवता, त्यांना तर लग्न झालं, मुंज झाली, बाळ झालं की जावंच लागतं. आपला क्रमही ठरलेला. पहाटे हुबळीहून किंवा धारवाडहून निघायचं, हरिद्रातीर्थावर पाय धुवायचे, ओटी भरायची, नैवेद्य दाखवायचा. मग देवळाबाहेर बुट्ट्या घेऊन बसलेल्या बायकांकडून ज्वारीची कडक भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी आणि घट्ट दही घेऊन झाडाखाली जेवायचं. मुलांनी हट्ट धरलाच तर तासाभरात लेणी उरकायची आणि दिवेलागणीला घरी. डोंगर आपण पाहतो, पण तो फोटोत आपल्या मागे असतो तेवढाच.

आमच्यातले एक काका रेल्वेतून निवृत्त झालेले. वय 71. दोन वर्षांपूर्वी पौषात, शाकंभरी नवरात्रात, आम्ही अकरा जण देवीला गेलो होतो. जेवण झाल्यावर काका म्हणाले, "चाळीस वर्षं येतोय. त्या वरच्या खडकावर काय आहे ते मला ठाऊक नाही." आम्हालाही ठाऊक नव्हतं. कुणीतरी सिडिलफडीचं नाव काढलं. सिडिलु म्हणजे वीज, फडी म्हणजे खडक. बदामीच्या पठारावर तास-सव्वा तासाच्या चालीवर ती नैसर्गिक कमान आहे. आम्ही निघालो.

आता आमच्या चुका सांगतो, कारण हे भाषण खरं तर त्यासाठीच आहे. निघालो तेव्हा साडेबारा वाजले होते. अकरा माणसांत पाण्याच्या चार बाटल्या. दोघींच्या पायांत चपला. पौष म्हणजे थंडी, हा आपला धारवाडी हिशेब. पण धारवाडपर्यंत सह्याद्रीचा पाऊस पोचतो. तिथून पूर्वेला जावं तसा तो विरत जातो, आणि बदामीला उरतो तो लाल वालुकाश्म, निवडुंग आणि काटेरी झुडपं. वाळवंट उभं करून ठेवावं तसा तो डोंगर. दुपारी वरून ऊन आणि खालून तापलेला दगड. शिवाय उघड्या खडकावर पायवाट उमटत नाही, हे आम्हाला तिथे जाऊन कळलं. पाऊण तासात वाट चुकलो, मोबाईलला रेंज नाही, पाणी संपलं आणि काका गप्प झाले. मग खाली बसले. घाम थांबला होता, बोलणं अडखळत होतं. आम्ही खरोखर घाबरलो.

शेळ्या घेऊन एक कुरुबाचा मुलगा आला, पंधरा-सोळा वर्षांचा. त्याने आपल्या कॅनमधलं पाणी दिलं. ओल्या पंच्याने काकांचं डोकं-मान पुसली, सावलीच्या कपारीत निजवलं. पर्समधल्या पुडीतलं मीठ आणि प्रसादाची साखर पाण्यात घालून आम्ही ते घोटघोट पाजलं. तासाभराने काका बोलू लागले. त्या पोराने आम्हाला पुढे नेलं नाही, खाली आणून सोडलं. जाताना एवढंच म्हणाला, "नीरिल्लद गुड्डा हत्तबारद्री." पाण्यावाचून डोंगर चढू नये. पैसे घेतले नाहीत. खाली उतरल्यावर काकांना आधी दवाखान्यात दाखवलं, मग हुबळी गाठली. घरी काकांच्या मुलाने आम्हाला जे सुनावलं, ते सगळं योग्यच होतं.

दोन महिने काकांनी हा विषय काढला नाही. मग मंडळात एका रविवारी म्हणाले, "पुढच्या पौषात कोण कोण येणार?"

या वेळी तयारी केली. हुबळीकर रोज सकाळी नृपतुंग टेकडी चढू लागले, धारवाडकर केळगेरी तळ्याच्या बाजूला चालू लागले. काकांनी डॉक्टरांची परवानगी आणली, मुलाला बरोबर घेतलं. आदल्या दिवशी देवीचं सगळं यथासांग केलं, मुक्काम बदामीत. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, टोपी, पकड असलेले बूट आणि वाट माहीत असलेला गावचा माणूस. खाणं पाठीवरच्या बॅगेत, कारण हातातली पिशवी तिथली माकडं ठेवत नाहीत. साडेसहाला अगस्त्यतीर्थाच्या काठावरून निघालो.

त्या सकाळी डोंगर पहिल्यांदा दिसला. पठारावर जागोजागी दगडात पाण्याच्या लाटा उमटलेल्या आहेत, नदीकाठच्या वाळूत असतात तशाच. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे पाणी वाहत होतं आणि ही वाळू होती, एवढं समजायला पुस्तक लागत नाही. हात फिरवला की कळतं. सिडिलफडीला पोचलो तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. कमानीखाली गार वाटत होतं. आत आदिमानवाने काढलेली चित्रं आहेत, पुसट झालेली. काका त्यांच्यासमोर बराच वेळ उभे होते. म्हणाले, "ह्यांनी पाण्याची सोय बघूनच जागा धरली असणार." दहाच्या आत आम्ही खाली होतो.

उतरल्यावर तळ्याच्या पलीकडच्या कड्यावरचा कप्पे अरभट्टाचा शिलालेख पाहिला. सुमारे 700 सालचा, कन्नड त्रिपदी छंदाचा आद्य नमुना. आम्ही मोठे फलकाशी झटापट करत होतो, तेवढ्यात आमच्यातली नववीतली नात धडाधड म्हणू लागली. शाळेत शिकलेल्या त्या ओळी तिला पाठ होत्या. तीन पिढ्या इथे राहून आम्हाला जे माहीत नव्हतं, ते तिने आजोबांना मराठीत समजावून दिलं. ते ऐकताना काकांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आणि हे काही परक्याचं नाही. पहिल्या पुलकेशीने 543 साली हा डोंगर तटबंदीने बांधला. तिसऱ्या लेण्यात शके 500, म्हणजे 578 सालचा लेख आहे. दुसऱ्या पुलकेशीचा 634 सालचा ऐहोळे शिलालेख त्याला तीन महाराष्ट्रकांचा आणि नव्याण्णव हजार गावांचा स्वामी म्हणतो. 1786 मध्ये मराठे आणि निजाम यांनी टिपूकडून हाच किल्ला घेतला. आणि पहिल्या लेण्यात अठरा हातांच्या नटराजाशेजारी आपला गणपती उभा आहे, दीड हजार वर्षांच्या घरातला. 642 मध्ये पल्लवांनी वातापी जिंकली तेव्हा त्यांचा सेनापती इथला गणपती तमिळ देशी घेऊन गेला, असं परंपरा सांगते. मुथुस्वामी दीक्षितरांच्या कृतीतला वातापि गणपती तोच.

यंदाच्या पौषात आम्ही बदामीहून महाकूटाची जुनी पायवाट चाललो, पाच-सहा किलोमीटर. काका हळूहळू पण स्वतःच्या पायांनी पोचले, आणि तिथल्या झऱ्याच्या पुष्करणीत पाय सोडून बसले. मुलगा शेजारी पाण्याची बाटली धरून. दोघांत फारसं बोलणं झालं नाही.

त्या शेळ्यांवाल्या मुलाला आम्ही दोन्ही वेळा शोधलं. भेटला नाही. पण त्याचं वाक्य आमच्या यादीच्या सुरुवातीला लिहिलेलं आहे.

तेव्हा मंडळाला आमची विनंती एवढीच. देवीचा दिवस देवीला द्या, त्यात कमी करू नका. पण ओटी भरून झाली की त्याच दुपारी डोंगर चढू नका. एक रात्र राहा आणि दुसरी पहाट डोंगराला द्या. पाणी भरपूर न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा. कन्नड शाळेत जाणारं एखादं पोर बरोबर असू द्या. येत्या पौषासाठी नावं चिटणीसांकडे द्यावीत. काकांचं नाव पहिलं आहे.

गणपती बाप्पा मोरया!