आरोग्यविमा आणि दीर्घ आजार : एका रकान्याचा हिशेब



शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते. तालुक्यातील आजारी माणूसही बहुधा त्याच वाटेने जातो. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु अँजिओप्लास्टी किंवा एखादी मोठी शस्त्रक्रिया म्हटली की आसनगावहून लोकल पकडावी लागते. मुरबाडकराला तर रेल्वेही नाही, कल्याणचा रस्ता हाच आधार. अशा प्रसंगी घरच्या कपाटातून विम्याची पॉलिसी बाहेर निघते आणि तिच्या मागील बाजूची बारीक अक्षरे प्रथमच वाचली जातात.

भारतात ‘मेडिक्लेम’ पॉलिसी १९८६ साली सर्वसाधारण विमा महामंडळाच्या चार सरकारी कंपन्यांनी सुरू केली. तिची मूळ कल्पना अशी की, निरोगी माणूस अकस्मात आजारी पडेल, रुग्णालयात दाखल होईल आणि बरा होऊन घरी येईल. मधुमेह, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचा विकार यांची रीत निराळी आहे. हे आजार अकस्मात येत नाहीत आणि निघूनही जात नाहीत. रोजची गोळी, इन्सुलिन, तीन महिन्यांनी रक्ततपासणी हा त्यांचा खरा खर्च; आणि नेमका तोच बहुतेक पॉलिसींच्या कक्षेबाहेर राहतो. डायलिसिससारखा उपचार चोवीस तास दाखल न होताही सामान्यतः मान्य होतो, परंतु औषधाच्या दुकानातील मासिक बिल घरच्यांनीच भरावयाचे असते. हे प्रथमच समजून घेतले तर पुढील मनस्ताप पुष्कळ कमी होतो.

आता मूळ मुद्दा. समजा, बाजारपेठेतील एखादा पन्नाशीचा दुकानदार आहे, सहा वर्षांपासून मधुमेहाची गोळी घेतो. ओळखीचा एजंट दुकानी येतो, इंग्रजी प्रस्ताव अर्ज पुढे ठेवतो आणि म्हणतो, “शेठ, सही करा, बाकी मी भरतो.” पूर्वीच्या आजाराच्या रकान्यात तो ‘नाही’ असे लिहितो, कारण ‘होय’ लिहिल्यास तपासण्या लागतील, हप्ता वाढेल, कदाचित प्रस्तावच नाकारला जाईल. उधारीच्या प्रत्येक चिठ्ठीवर तारीख पाहणारा हा व्यापारी या कागदावर न वाचता सही करतो, हे नवलच म्हटले पाहिजे. एजंटाचे कमिशन हप्त्याबरोबर जमा होते. अर्जाखालील सही मात्र दुकानदाराची असते आणि दाव्याच्या दिवशी उत्तरही त्यालाच द्यावे लागते.

त्या ‘नाही’ची किंमत काय, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालावरून दिसते. संबंधित विमाधारकाने १९९० साली मेडिक्लेम घेताना प्रकृती उत्तम असल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात त्याला मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार होता. पुढे त्याचे निधन झाले. पत्नीने दाव्यासाठी दीर्घकाळ लढा दिला, तरी न्यायालयाने विमा कंपनीचा नकार योग्य ठरवला. याउलट २०२१ च्या डिसेंबरमधील निकाल पाहावा. अमेरिकेच्या प्रवासासाठी विमा घेताना एका गृहस्थाने मधुमेह असल्याचे सांगितले होते. तेथे पोहोचताच हृदयविकाराचा त्रास होऊन तीन स्टेंट बसवावे लागले. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचे सांगितले नाही, या कारणास्तव कंपनीने दावा नाकारला. मधुमेहाची माहिती असूनही कंपनीने पॉलिसी दिली होती, तिला आता मागे फिरता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. सांगितलेला आजार विमाधारकाच्या मदतीला आला, हे येथे विशेष लक्षात घ्यावे.

शिवाय खरे सांगण्याचा तोटा आता पूर्वीइतका राहिलेला नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार पूर्वीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. पूर्वी तो ४८ महिने असे. नव्या पॉलिसीसाठी ६५ वर्षांच्या वयाची अट असे, तीही गेली. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर माहिती लपवली या सबबीवर दावा नाकारता येत नाही; अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. काही एजंट याच नियमाचा आधार देऊन ‘पाच वर्षे गप्प बसा’ असा सल्ला देतात. मधुमेह त्या दुकानदाराला पाच वर्षांची मुदत देईलच, याची हमी मात्र कोणी देत नाही.

वरील दोन्ही नियमांत ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दीर्घ आजाराच्या माणसाचे खरे भांडवल विम्याच्या रकमेत नसून खंड न पडलेल्या वर्षांत आहे. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. ती उलटली की प्रतीक्षाकाळाची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. दिवाळीच्या मालात पैसे अडकले म्हणून हप्ता लांबवणे यासाठीच महागात पडते. दावे फार झाले म्हणून कंपनीने नूतनीकरण नाकारणे मात्र मान्य नाही. मनमानी नकार देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले आणि २०१३ च्या नियमांनी आजीव नूतनीकरणाचा हक्क दिला. कंपनीची सेवा पटत नसेल तर १ ऑक्टोबर २०११ पासून ‘पोर्टेबिलिटी’ची सोय आहे, पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ जुन्या रकमेपुरता नव्या कंपनीत जमा धरला जातो. रक्कम वाढवली तर वाढीव भागाचा प्रतीक्षाकाळ नव्याने मोजतात, हेही ध्यानात असावे.

हप्ते वाढले आहेत, ही तक्रार रास्त आहे. त्यातल्या त्यात दिलासा असा की, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला, आणि ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असल्यास कंपनीला नियामकाशी आधी विचारविनिमय करावा लागतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०डीची वजावट मिळते, पण हप्ता रोखीने भरल्यास मिळत नाही.

रोखीवरून धसईची आठवण होते. मुरबाड तालुक्यातील हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातील पहिले कॅशलेस गाव म्हणून देशभर गाजले. विम्यातील ‘कॅशलेस’ त्याहून अवघड. रुग्णालय त्या कंपनीच्या यादीत हवे, आजार पॉलिसीत बसायला हवा आणि खोली मर्यादेतील हवी. शेवटच्या अटीत भलेभले फसतात. तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का असेल, तर ती दिवसाला तीन हजार रुपये झाली. नातेवाईकांनी हौसेने सहा हजारांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातच नव्हे, अनेक पॉलिसींत शल्यचिकित्सकाच्या व शुश्रूषेच्या शुल्कातही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मी, कपात होते. नियमानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हावयास हवा. तो न झाल्यास किंवा दावा नाकारल्यास लेखी कारण मागावे, कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि महिनाभरात समाधान न झाल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे प्रकरण चालते. मात्र जुन्या चिठ्ठ्या व तपासण्यांचे अहवाल तारीखवार जपलेले हवेत.

ज्यांना कोणतीही कंपनी घेत नाही किंवा हप्ता झेपत नाही, त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. राजीव गांधी जीवनदायी या नावाने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली. ठाणे जिल्ह्यात २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये आली. तेव्हा ती पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांसाठी होती, म्हणून व्यापारी वर्गाने तिच्याकडे लक्ष दिले नाही. परंतु २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही तिच्या कक्षेत आली असून संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे आहे. येथे पूर्वीचा आजार असल्याची अडचण नाही, प्रतीक्षाकाळही नाही. डायलिसिसचाही समावेश आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न घालता मिळते. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो; प्रथम त्याला भेटावे. बरोबर शिधापत्रिका आणि आधार कार्ड असावे, आणि दोहोंवरील नाव एकच असावे. अनेक घरांत सुनेचे नाव अजून शिधापत्रिकेवर चढलेले नाही, आजोबांचे नाव एका कागदावर आडनावासह तर दुसऱ्यावर आडनावाशिवाय आहे. ही दुरुस्ती शहापूर व मुरबाड येथे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होते. आणि घरात कोणी दाखल नसताना ती करून घेणे सोपे जाते.